केस येईपर्यंत

आई गेली त्याच हिवाळ्यात माझी नोकरीही गेली. आधी नोकरी गेली. यवतमाळच्या बाहेर, हमरस्त्यालगत कापसाची एक जिनिंग होती; तिच्या ऑफिसात मी लिहिण्याचं काम करायचो. आलेल्या गाड्यांच्या पावत्या, गेलेल्या गाठींची पत्रं, आणि गाड्या नसतील तेव्हा टेबलाच्या खणातलं पुस्तक. त्या वर्षी बोंडअळीने कापूस खाल्ला आणि उरलेल्याला भाव नव्हता. ऐन हंगामात कापसाच्या ढिगाच्या जागी कुत्री ऊन खात झोपायची. माझं वाचन फार होऊ लागलं, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. मालकांनी एके दिवशी सगळ्यांना चहा पाजला आणि ‘पुढच्या हंगामाला बघू’ म्हणाले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आई गेली. आमच्याकडे वडिलांचं थोरल्याने आणि आईचं धाकट्याने करायचं असतं, म्हणून मुंडण माझं झालं. थोरला भाऊ पुण्याला राहतो. तेरवी आटोपून निघताना तो म्हणाला, “मी मासिक श्राद्धाला परत येतो. तोवर तुला इथे काही मिळालं तर ठीक, नाहीतर दोघंही माझ्याकडे चला. घरात दोन माणसं नुसती एकमेकांकडे बघत बसलीत, हे मला चालणार नाही.”

त्याचं काही चूक नव्हतं. ऑटो वळल्यावर बाबा म्हणाले, “पुन्यात मी कोनाशी भांडू? सूनबाई तं कधी उलटून बोलतच नाही.”

म्हणजे महिन्याच्या आत मला काम शोधायचं होतं. मी एका कृषी केंद्रात गेलो. तिथले मालक जिनिंगमुळे ओळखीचे होते. काय बोलायचं ते मी रस्त्याने पाठ करत गेलो होतो. पण माझं डोकं पाहताच ते गल्ल्यावरून उठले, स्वतःची खुर्ची मला दिली आणि हळू आवाजात विचारू लागले: कशाने गेल्या, वय काय होतं, शेवटी जवळ कोण होतं. चहा आला. मग ते मला दारापर्यंत पोचवायला आले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “काही लागलं तर सांगा.” सांगायची वेळ तीच होती. पण खांद्यावर हात ठेवलेल्या माणसाकडे नोकरी कशी मागायची?

एका खाजगी कॉलेजच्या ग्रंथालयात जागा आहे असं कळलं, तेव्हा माझ्या आशा फार वाढल्या. संस्थेच्या सचिवांनी मला आत बोलावलं आणि स्वतःच्या आईची गोष्ट काढली. बोलता बोलता त्यांना रडू आलं. मी त्यांना पाण्याचा ग्लास दिला, चार शब्द बोललो आणि ते शांत झाल्यावर बाहेर पडलो. ग्रंथालय बघायचंही राहून गेलं. कापडाच्या दुकानदाराने मात्र स्पष्ट सांगितलं, “केस येऊ द्या, मग बघू. अशात नवीन काही सुरू करू नये.”

बाबांना हे सगळं ऐकून राग आला. “तू नोकरी मांगाले जातं का सांत्वन वाटाले? टोपी घाल.”

टोपी घातली तर लोक आधी टोपीकडे बघत, मग भुवयांच्या वर काहीच नाही हे त्यांच्या लक्षात येई, आणि मग ते दुप्पट हळू बोलत.

मासिक जवळ आलं असताना बसस्टँडच्या मागच्या गल्लीत एका दुकानावर कागद चिकटवलेला दिसला: ‘लिहिनारा मानूस पाहिजे.’ दुकान पाण्याच्या मोटारी दुरुस्त करण्याचं होतं. नवी मोटार घेणं त्या वर्षी कुणाला जमत नव्हतं, म्हणून जुन्या मोटारींची रांग फूटपाथपर्यंत आली होती. मालक पांढऱ्या दाढीचे मुसलमान गृहस्थ. सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि खूश होऊन विचारलं, “तिरुपती?”

मी तोंड उघडलं, पण ते पुढचं बोलू लागले होते. “अच्छा है. बैठो. अर्ज लिहिता येते? बिल? कंपनीले पत्र? हा आमचा मिस्त्री काय लिहिते, ते त्यालेच वाचता येत नाही.”

“मले येते,” मिस्त्री तांब्याची तार गुंडाळत आतून म्हणाला.

“मंग हे वाच.”

मिस्त्रीने चिठ्ठी हातात घेतली, उजेडाकडे धरली, उलटी केली आणि परत दिली.

कितीतरी दिवसांनी कुणीतरी मला कामाबद्दल विचारत होतं. मी एक पत्र लिहून दाखवलं. चाचांनी ते मोठ्याने वाचलं आणि म्हणाले, “कल से आ जाओ. आन तिरुपतीचे लाडू आनजा. अकेले अकेले मत खाओ.”

घरी आलो तो सवयीने मागच्या दाराने, कारण चांगली बातमी आधी स्वयंपाकघरात सांगायची असे. तिथे बाबा कांदा चिरत बसले होते. मी त्यांनाच सांगितलं. लाडवाचं ऐकल्यावर ते हसायला लागले, ते थांबेचनात. आई गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. “तुही माय असती तं तिनं रव्याचे करून देल्ले असते,” ते डोळे पुसत म्हणाले, “आन त्याले पटलेही असते.” डोळे कांद्याने भरले होते की कशाने, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात पाय ठेवताच मी चाचांना खरं सांगितलं. त्यांनी आधी रेडिओ बंद केला. मग स्वतःचे दोन्ही कान पकडले. “आई गेली तुमची, आन मी लाडू मांगून राह्यलो.” मिस्त्रीला चहा आणायला पाठवलं. मग तेच प्रश्न आले: कशाने, वय काय, जवळ कोण. मीही तीच उत्तरं दिली. चहा संपला तसा मी उठलो. एव्हाना मला हा क्रम पाठ झाला होता.

“कुठं चालले?”

“तुम्ही म्हणाल, केस येऊ द्या.”

“केसानं लिहिता का?” चाचा म्हणाले. “बैठो. वो मोटरवाला सकाळपासून बिलासाठी उभा हाये.”

मासिकाला चाचांनी अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली. दादा आला तो परतीची तीन तिकिटं काढूनच. दुपारी जेवणं झाल्यावर मी चप्पल घालू लागलो, तेव्हा तो म्हणाला, “निघालास कुठे? संध्याकाळची गाडी आहे.”

“त्याले सुट्टी नाही,” बाबा म्हणाले.

“आणि तुम्ही?”

“मी त्याचा डबा करतो ना.”

दादाने माझ्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं आणि वाद घातला नाही. संध्याकाळी दुकानातून मी परस्पर ट्रॅव्हल्सच्या थांब्यावर गेलो. बाबा तूरडाळीचं एक गाठोडं आणि ज्वारीचं एक घेऊन आले होते. क्लीनर ते मागच्या डिकीत टाकू लागला, तर बाबांनी अडवलं. “तीन शिटाचे पैसे भरेल हायेत. डाळ बसून जाईन.” मग स्वतः गाडीत चढले, दोन्ही गाठोडी दादाच्या शेजारी नीट टेकवून बसवली आणि खाली उतरता उतरता त्याला म्हणाले, “ज्वारीले खिडकी दे. तिले पुन्यापर्यंत झोप नाही लागत.”