मुठीतली सिगरेट

"बघा तरी! हा कोळसा उपसणाऱ्या हमालासारखी ओढतो."

साहेब हे म्हणाला तेव्हा त्याच्या बागेत आम्ही सात-आठ जण जेवायला बसलो होतो. त्यानंच आपल्या चांदीच्या डबीतली सिगरेट मला दिली होती. मी ती पेटवली आणि सवयीनं मुठीत घेतली. जळतं टोक तळहाताच्या आत, वर अंगठा आणि दोन बोटं. साहेबाच्या बायकोनं माझ्या हाताकडे पाहिलं आणि तोंडाला रुमाल लावला. मग सगळे हसले. मीही हसलो.

माझा बाप बिडी अशीच ओढायचा. हे मी तेव्हा बोललो नाही. पुढे चाळीस वर्षं बोललो नाही. आज शहात्तर वर्षांचा आहे आणि जर्सी सिटीतल्या एका उंच इमारतीत एकटा राहतो. जे केलं ते आता लिहून ठेवतो आहे. यात अपमान माझा झाला, पण गुन्हाही माझाच आहे. दोन्ही सांगितल्याशिवाय खरं सांगितलं असं होणार नाही.

साहेब लंडनचा होता. एका इंग्रज विमा कंपनीची न्यूयॉर्कला शाखा होती, तिचा प्रमुख. मी जहाजांच्या विम्याचे कागद तपासायचो. बागेतल्या जेवणानंतरच्या सोमवारी त्यानं मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. नोकरी गेली, असंच मला वाटलं.

"डोकं चांगलं आहे तुझं," तो म्हणाला. "हात सुधार."

मग त्यानं मला शिकवायला घेतलं. आवाज मऊ, अगदी मायेचा. सिगरेट दोन बोटांच्या टोकांत, सैल धरायची. आधी चहा ओतायचा, मग दूध. चाकू पेनासारखा धरायचा नाही. ऐकू आलं नाही तर 'पार्डन' म्हणायचं नाही, सरळ 'व्हॉट' म्हणायचं. मला वाटायचं 'पार्डन' जास्त सभ्य. साहेब म्हणाला, तेच तर. सभ्य दिसायची धडपड खालची माणसं करतात. त्याच्या स्वतःच्या कोटाच्या कोपरांना ठिगळं होती. विरलेला कोट घालून मिरवायला आजोबांपासून घरात कोट असावा लागतो. माझे बूट नवे कोरे होते, त्यांच्याकडे बघून तो नुसता हसला.

"माणसाला त्याचा बाप कोण हे विचारावं लागत नाही," तो म्हणाला. "जेवायला बसव आणि बघत राहा."

मला हे ठाऊक होतं. कामठीजवळच्या आमच्या वस्तीत हेच होतं. गाव कोणतं, आडनाव काय, कोणत्या आळीत राहता, असं विचारत विचारत आपली माणसं जिथं पोचतात, तिथं हा माणूस चमचा बघून पोचत होता. सात समुद्र ओलांडून मी ज्याच्यापासून पळालो, तो इथं टाय लावून बसला होता. आणि त्याला अजून माझं काही कळलेलं नव्हतं. त्याच्या लेखी सगळे भारतीय सारखेच. मी फक्त अडाणी होतो. खालचा आहे हे त्याला माहीत नव्हतं. ते कधी कळू द्यायचं नाही, असं मी त्याच केबिनमध्ये ठरवलं.

तेव्हापासून ऑफिसात मी स्वतःवर पहारा ठेवला. हात कुठे आहे, कोपर कुठे आहे, बशी वाजली का. जेवताना घाम यायचा. कोणी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं की मी चमचा खाली ठेवायचो.

तळघरात छपाईची खोली होती. तिथे लेन नावाचा दुसरा इंग्रज काम करायचा. उत्तर इंग्लंडमधल्या गोदीच्या गावचा. पत्र्याच्या डबीत तंबाखू ठेवायचा, कागदात गुंडाळून सिगरेट वळायचा. ऑफिसातल्या अमेरिकन कारकून पोरींना साहेब आणि लेन दोघेही सारखेच वाटायचे. दोघांचे उच्चार ऐकून त्या पोरी खूश व्हायच्या, आणखी बोला म्हणायच्या. पण पंधरा वर्षं एका इमारतीत काढूनही साहेब लेनसोबत एकदाही जेवला नव्हता.

एकदा मागच्या जिन्यावर लेन ओढत उभा होता. सिगरेट मुठीत. अगदी तशीच. मी विचारलं, अशी का धरतोस?

"फोरमन," तो म्हणाला. "त्याला धूर दिसला की अर्ध्या दिवसाची मजुरी गेली. माझा बाप अशीच धरायचा. भीती बापाकडून मिळते राजा, तंबाखू आपली आपण आणायची."

त्यानं तळहात उघडून दाखवला. मधोमध काळा डाग होता.

तो डाग मी लहानपणापासून ओळखत होतो. समोरून पाटील आला की बापाच्या हातातली बिडी जळती असतानाच मुठीत नाहीशी व्हायची. मोठ्या माणसासमोर आमच्या माणसानं धूर सोडायचा नाही, असा रिवाज होता. बाप हात खाली सोडून, मान वाकवून उभा राहायचा. बोटांमधून बारीक धूर निघत राहायचा. पाटील मुद्दाम थांबून शेतीचं, पाऊसपाण्याचं बोलत बसायचा. त्याला धूर दिसत होता. मला वाटतं, तेवढ्यासाठीच तो थांबायचा.

लेनला मी हे सांगायला हवं होतं. माझ्या बापाच्या हातावरही असाच डाग आहे, एवढंच. तेवढं एक वाक्य बोललो असतो तर पुढचं घडलं नसतं. मी सिगरेट विझवली आणि वर निघून गेलो.

पुढच्या आठवड्यात मीटिंगनंतर साहेब लेनच्या सिगरेट ओढण्याची नक्कल करत होता. मी म्हणालो, "असं नाही, सर. असं." आणि मूठ वळून, खांदे पाडून दाखवलं. साहेब डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. नक्कल हुबेहूब होती, कारण ती नक्कल नव्हतीच. मग त्याची नजर माझ्या मागे दाराकडे गेली म्हणून मी वळलो. दारात लेन उभा होता, हातात छापील कागदांचा गठ्ठा घेऊन.

"कुठे ठेवू, सर?" त्यानं विचारलं. साहेबाला नाही. मला.

साहेबानं मला वर काढलं. नवीन माणसं घ्यायची असली की तो मला उमेदवाराबरोबर लंचला पाठवू लागला. परत येऊन मी त्याला एक चिठ्ठी लिहून द्यायचो. कामाविषयी एक ओळ, माणसाविषयी एक. दुसऱ्या ओळीवर सगळं ठरायचं. भारतीय अर्जदार वाढत होते. आपल्यातला वरचा कोण, खालचा कोण हे साहेबाला दिसत नव्हतं. त्यासाठी त्याला माझे डोळे हवे होते. मी ते दिले.

मग आनंद आला. सव्वीस वर्षांचा, नागपूरचा, मिशिगनमध्ये ॲन आर्बरच्या विद्यापीठात शिकलेला. हिशेबात माझ्यापेक्षा तेज. लंचला त्यानं चहा बशीत ओतला आणि फुंकून प्याला. मी शेजारच्या टेबलांकडे पाहिलं. आम्ही बाहेर आलो. थंडीचे दिवस, नदीवरून वारा सुटलेला. मी सिगरेट पेटवली आणि वाऱ्यात माझा हात आपोआप मिटला. इतक्या वर्षांची शिकवणी एका झुळकेत गेली.

आनंद हाताकडे बघत होता. मग त्याचा चेहरा उजळला.

"काका, तुम्ही कामठीकडचे का जी?" तो हळूच म्हणाला. "माझे बाबा पण अशीच ओढतात. मला वाटलंच, तुम्ही आपलेच आहात."

"नाही," मी म्हणालो. इंग्रजीत. "तुझी चूक होते आहे."

तो गोंधळला. "सॉरी काका, सॉरी," म्हणत राहिला. मग जिना चढताना म्हणाला, "हे झालं नाही तर मला परत जावं लागेल, व्हिसा संपतो आहे. पण तुम्ही आहात म्हटल्यावर टेन्शन नाही."

मी टेबलाशी बसलो आणि चिठ्ठी लिहिली. काम उत्तम. आपल्यात बसणार नाही.

त्याला माझं खरं कळलं होतं. तो रोज समोर बसला असता. कधी कँटीनमध्ये, कधी दुसऱ्या कोणा मराठी माणसासमोर सहज बोलून गेला असता. मला त्याची भीती वाटली. माझ्या ओळखीनं ज्याला आनंद झाला, त्या एकट्या माणसाला मी या देशातून घालवलं. साहेब चिठ्ठी वाचून म्हणाला, "तुझी नजर आता माझ्याहून तयार झाली." त्या महिन्यात आनंद परत गेला. पुढे त्याचं काय झालं, मला माहीत नाही. माहीत करून घेतलं नाही.

साहेब कधीच वारला. ती कंपनीही आता नाही. मला वाटायचं, माझ्याबरोबर हे संपेल.

गेल्या रविवारी माझी मुलगी सुजाता आली. मॅनहॅटनमध्ये एका मोठ्या फर्ममध्ये माणसं निवडायचं काम करते. इथेच जन्मली, वाढली. मराठी समजते, बोलते इंग्रजीच जास्त. जेवताना म्हणाली, "बाबा, थर्सडेला फ्री आहात? एक कँडिडेट आहे, महाराष्ट्रातला. तुम्ही माणूस पाच मिनिटांत ओळखता. जस्ट कम फॉर लंच."

"कामात कसा आहे?" मी विचारलं.

"ब्रिलियंट. पण समथिंग इज ऑफ, यार. ही डझन्ट प्रेझेंट वेल. खातो कसा, बोलतो कसा... आय कान्ट एक्सप्लेन. आमच्यात फिट नाही होणार."

माझ्या हातातला घास तसाच राहिला. तिला एक्सप्लेन करता येत नव्हतं. मला येत होतं. चार वर्षांची असताना तिच्या हातात काटा-चमचा मीच नीट धरून दिला होता. बशी वाजली की टेबलावर टिचकी मारायचो. पार्टीत कोणी चुकीचं वागलं की तिच्याकडे बघून भुवई उडवायचो आणि ती हसायची. आमचा खेळ होता तो. त्यात मी माझ्या पोरीला पाटील करून ठेवलं.

मी तिला सगळं सांगितलं. बाप, बिडी, लेन, आनंद, चिठ्ठी. आपली जात सांगितली, जी तिला माहीत नव्हती. माझे वडील बाबासाहेबांचं भाषण ऐकायला चालत गेले होते आणि त्यांच्यामागे बौद्ध झाले होते, हेही सांगितलं. या घरात बाबासाहेबांचा एक फोटोही मी लावला नाही.

तिनं चमचा ताटाच्या कडेला ठेवला. मग म्हणाली, "हे चाळीस वर्षांपूर्वीचं आहे, बाबा. दिस इज डिफरंट. इट्स जस्ट लंच."

"मी येणार नाही," मी म्हणालो. "आणि त्या पोराला तू खाण्या-बोलण्यावरून नाकारलंस, तर तुझ्या ऑफिसला लेखी कळवीन. का नाकारलं ते, आणि तुला हे कोणी शिकवलं तेही."

"आर यू थ्रेटनिंग मी?"

"हो."

ती जेवण अर्धं टाकून उठली. दारात थांबली, पण वळली नाही. चार दिवस झाले, तिचा फोन नाही. मीही केलेला नाही. मी माफी मागावी अशी ती वाट बघत असेल. एरवी मी मागितली असती. ती माझी एकुलती एक आहे आणि मी आजारी पडलो तर दार उघडायला दुसरं कोणी येणार नाही.

आज गुरुवार. आत्ता साडेबारा वाजलेत. नदीपलीकडे कुठल्या तरी टेबलाशी ते पोर बसलं असेल आणि माझी मुलगी त्याच्या हाताकडे बघत असेल.

पत्र तयार आहे. त्यात आनंदचं पूर्ण नाव आहे, माझ्या चिठ्ठीतल्या दोन्ही ओळी आहेत, माझी जात आणि माझं गाव आहे. एक प्रत तिच्या फर्मसाठी, एक इथल्या आपल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी, एक नागपूरला, त्याच्या अर्जावरच्या जुन्या पत्त्यावर, आनंद असेल तर त्याच्यासाठी. मंडळाची आणि नागपूरची प्रत उद्या सकाळी जाईल, सुजातानं त्या पोराचं काहीही ठरवलं तरी. तिच्या फर्मची प्रत मी संध्याकाळपर्यंत थांबवली आहे. तोवर तिनं फोन करून त्याला घेतलं नाही असं सांगितलं, तर तेही पाकीट मी स्वतः नेऊन देईन, आणि रिसेप्शनवर विचारलं की आपण कोण, तर तिचा बाप म्हणून सांगेन.