बाटलीच्या बुडाचं अक्षर

ये गं पोरी, बस अशी जवळ. समोर नसलीस तरी मी तुला जवळ बसवूनच लिहिते. मागच्या खेपेला रस्त्यात पाण्याची बाटली घेतलीस आणि न बघता तोंडाला लावलीस. एवढी शिकलेली तू, पण पाण्याच्या बाबतीत अगदी धांदरट! आमच्या इंदिरानगरातला दुकानदार मला म्हणतो, "आजी, पाणी घेताय की सून बघताय?" म्हणू दे. मी बाटली उजेडाला धरते, दाबते, तारीख वाचते, आणि उलटी करून बूड बघितल्याशिवाय घेत नाही. बूड का, ते तुला आजवर सांगितलं नाही.

तुझी आई काविळीने दवाखान्यात होती ना, तेव्हा सगळ्या खाटांशेजारी सारख्याच बाटल्या. अदलाबदल नको म्हणून मी साडीची पिन काढली आणि तिच्या बाटलीच्या बुडावर तिच्या नावाचं पहिलं अक्षर कोरलं. भांड्यावर नाव घालतोच की आपण. ती पडल्यापडल्या म्हणाली, "ताई, रुखवतात मांडायचीय का ती?" हसली, तर डोळे हळदीसारखे. तेवढ्यात नर्सने हाक मारली, माझा हात हलला आणि अक्षराचा पाय पार कडेपर्यंत गेला.

दोन दिवसांनी ती गेली. सामान आवरताना बाटली मी कचऱ्यात टाकली. तशीच, न चेपता. चूक तीच.

तीन-चार महिन्यांनी सुरगाण्याला सासरी तुझी ओटी भरायची होती, म्हणून आपण दोघी निघालो. आठवतं? जीप भरत नव्हती, ऊन रणरणत होतं. तू टपरीवरून बाटली घेतलीस, झाकण फिरवलंस, पण कट् असा आवाज आला नाही. म्हणून मी ती तुझ्या हातून काढून घेतली. उन्हात धरली, पाणी नितळ. उलटी केली.

बुडावर अक्षर होतं. पाय कडेपर्यंत गेलेला.

थंडगार बाटली, वर नवं झाकण, आत काठोकाठ पाणी.

"मावशी, दे ना, घसा सुकलाय," तू म्हणालीस. एक हात माझ्यापुढे, दुसरा पोटावर. पोटुशी बाईला कावीळ झाली तर काय होतं, ते मला ठाऊक होतं. आणि खरं सांगू? त्या पाण्यातून कुणीतरी तुझ्याकडे बघतंय, असं वाटलं मला. बाटली मी पिशवीत कोंबली. सुरगाण्याला पोचल्यावर "मावशीला स्वतःलाच प्यायचं होतं," असं जावईबापूंना सांगितलंस, ऐकलं मी.

ती अजून माझ्याकडेच आहे, तेलाच्या डब्यामागे. झाकणाला कुणी हात लावत नाही, तरी दर वेळी बघते तर पाणी थोडं खाली गेलेलं दिसतं. टाकवत नाही, टाकलेली कशी परत येते ते पाहिलंय. चेपायला घेते, तर बोटाखाली तुझ्या आईचं अक्षर लागतं.

लेकीला घेऊन लवकर ये गं. माझ्या एकटीच्या हातून ती चेपवत नाही.