मावशीला दहापैकी चार

तुम्ही सगळ्यांनी आपापली फजिती सांगितलीत, आता माझी पाळी टाळून चालणार नाही म्हणता? बरं. पण आधीच बजावतो, माझ्या किश्श्यात हसायला भरपूर आहे, आणि हसून झालं की हाच चहा कडू लागणार आहे. मग म्हणू नका, आप्पानं सांगितलं नाही!

सत्तरच्या दशकातली शेवटची वर्षं. मी सातपूरला एका कारखान्यात स्टोअरकीपर होतो. दिवसभर नट-बोल्ट मोजायचे, संध्याकाळी बस धरून घरी. अशा माणसाला काहीतरी खूळ लागतंच. कुणाला भजनाचं लागतं, कुणाला रमीचं. मला मोरझरीचं लागलं.

मोरझरी नकाशात शोधू नका, सापडायची नाही. आम्ही सात जणांनी कागदावर वसवलेलं गाव होतं ते. प्रत्येकानं गावातलं एक माणूस व्हायचं आणि त्या माणसाच्या नावानं एकमेकांना पोस्टानं पत्रं टाकायची. पंचवटीतल्या कुसुमताई, खऱ्या आयुष्यात शाळेत शिकवायच्या, त्या मोरझरीत सुईण. चांदवडचा भास्कर, एसटीत कंडक्टर, तो मोरझरीचा पाटील. आणि मी गावातला वडीलधारा माणूस, आप्पा. ज्याला अडचण आली त्यानं आप्पाला पत्र लिहायचं. आता मला घरीदारी सगळे आप्पाच म्हणतात. पात्राला दुसरं नावच सुचलं नाही मला. दुसऱ्यांच्या कल्पनाशक्तीची परीक्षा घेणाऱ्या माणसाची ही कल्पनाशक्ती, बोला!

परीक्षा कसली? तेच सांगतोय, धीर धरा की जरा.

आमच्यात एक विमा एजंट शिरला. मोरझरीत तो पैलवान झाला. होईना का! पण पहिल्याच महिन्यात त्यानं पाटलाला चीतपट केलं. दुसऱ्या महिन्यात माझे दोन्ही बैल वाघाकडून मारवले, वर तो वाघही स्वतःच मारला. तिसऱ्या महिन्यात गडी सुईणबाईंच्या मुलीशी लग्न लावून मोकळा! कुसुमताईंच्या सुईणीला मुलगीच नव्हती हो!

एजंटाला आम्ही कसाबसा गावाबाहेर काढला आणि कुसुमताईंकडे सभा भरवली. मी म्हणालो, "यापुढे नमुना बघितल्याशिवाय कुणाला घ्यायचं नाही. मोरझरीतल्या कुठल्याही माणसाच्या नावानं आप्पाला एक पत्र लिहा. पत्र पटलं तर प्रवेश, नाहीतर राम राम!"

"अहो आप्पा," कुसुमताई म्हणाल्या, "चार माणसं गंमत म्हणून लिहितात. त्यात प्रवेशपरीक्षा कशाला? आणि तो एजंट काय वाईट लिहायचा? नमुना मागितला असता तर पहिला आला असता तो. त्याचं वागणं वाईट होतं. ते नमुन्यात कसं दिसणार?"

मुद्दा बिनतोड होता. मला तो तेव्हाही कळला होता. पण मी म्हणालो, "दर्जा म्हणून काही आहे की नाही?" हा शब्द उच्चारला की आपली माणसं गप्प बसतात. कारण दर्जा नको, असं कोण म्हणणार?

"मग तपासणार कोण?" भास्करनं विचारलं. मी खिशातून लाल पेन काढलं. येतानाच विकत घेतलं होतं. आता तुमच्यापासून काय लपवायचं?

उठता उठता भास्कर म्हणाला, "आमच्या चांदवडहून एक जण नमुना पाठवणार आहे. नाव सांगत नाही. ओळखीवर मार्क दिले असं नको व्हायला."

पंधरा दिवसांनी पत्र आलं. आंतरदेशीय, चांदवडचा शिक्का, अक्षर मोत्यासारखं. मागे पत्ता, 'मार्फत अमुक अमुक गुरुजी'. आत मजकूर असा:

'चि. आप्पास अनेक आशीर्वाद. पत्र लिहिण्यास कारण की, माझ्या डोळ्यांना दिसेनासे झाले आहे. कांदे निवडायला जाते तेथे डोळ्यांतून पाणी येई. वाटले, कांद्यानेच. आता कांदा कुठला आणि ढेकूळ कुठले ते कळत नाही. नाशिकच्या मोठ्या दवाखान्यात लवकर दाखवा असे डॉक्टर म्हणतात. तू येऊन मला घेऊन जा. तुझी मावशी.'

तुम्ही विचाराल, आप्पा, तुम्हाला चांदवडला मावशी नव्हती का हो?

होती ना! तीच ही! आई गेल्यावर आठ वर्षं तिनं मला सांभाळलं. दुसऱ्याच्या खळ्यावर कांदे निवडून मला मॅट्रिक केलं. पण मावशीला अक्षरओळख नव्हती. जन्मात तिनं मला पत्र पाठवलं नव्हतं. चार वर्षांत मी एकदाही चांदवडला गेलो नव्हतो, दिवाळीला दोन ओळींचं कार्ड टाकलं की सुटलो. पत्र लिहिणाऱ्या माणसांत मावशी माझ्या डोक्यात नव्हती. खरं सांगायचं तर ती माझ्या डोक्यातच नव्हती.

मी लाल पेन उघडलं. काय शेरे मारले म्हणता? आजही तोंडपाठ आहेत. 'पत्र लिहिण्यास कारण की, ही सुरुवात शिळी. कांदा आणि डोळ्यांत पाणी, फार जुनी युक्ती. मावशीचा स्वभाव कुठेच दिसत नाही. म्हातारी मदत मागते, पण तिचे दुःख खरे वाटत नाही. पुन्हा लिहावे. दहापैकी चार. आप्पा.'

"कुणाचं पत्र हो?" सिंधूनं, माझ्या बायकोनं, स्वयंपाकघरातून विचारलं.

"मोरझरीला एक मावशी येऊ म्हणतेय."

"मग येऊ द्या की!"

"नापास झालीय."

"कमाल आहे तुमची," असं म्हणून तिनं फोडणी घातली. तिनं ते पत्र हातात घेतलं असतं, चांदवडचा शिक्का बघितला असता, तर पुढचं काही झालं नसतं. पण नवऱ्याच्या खुळात बायकोनं किती लक्ष घालायचं?

आता तिकडे चांदवडला काय झालं ते मला नंतर कळलं. हे गुरुजी मी चांदवड सोडल्यावर मावशीच्या शेजारी राहायला आलेले, निवृत्त शिक्षक. तिनं सांगायचं, त्यांनी शुद्ध भाषेत लिहायचं. मोरझरीबिरझरी त्यांना काही ठाऊक नाही. त्यांनी माझं पाकीट उघडलं आणि मटकन ओट्यावर बसले. तीस वर्षं दुसऱ्यांच्या वह्यांवर लाल शाई ओतलेला माणूस! त्याला म्हातारपणी दहापैकी चार!

"काय म्हनतो माझा आप्पा?" मावशीनं विचारलं.

"पत्र बरोबर नाही म्हणतो. पुन्हा लिहा म्हणतो."

दुसरी कुणी असती तर शिव्या घातल्या असत्या. पण मावशीला नवल वाटलं नाही. रेशनकार्डाचा तिचा अर्ज तीनदा परत आला होता. तिच्या जगात कागद पहिल्या फटक्यात मंजूर होतच नसे.

"आसंल," ती म्हणाली. "मोठ्या कारखान्यात हाय माझा आप्पा. त्याला कागुद बराबर लागत आसंल. लिवा गुरुजी, पुन्यांदा लिवा."

पण आता गुरुजी इरेला पेटलेले. दुसरं पत्र त्यांनी आपल्या अकलेनं लिहिलं. 'माझे नेत्ररूपी दीप मंदावले असून अंधाररूपी राक्षस आ वासून उभा आहे' अशी चार पानं! ती तीन आठवडे माझ्या रेडिओवर पडून होती. मी परीक्षक ना, मला सवड कुठली? मग एका रविवारी लिहिलं, 'भाषा फुगली, मावशी हरवली. तीन.'

चाराचे तीन झाले. गुरुजी दोन दिवस जेवले नाहीत म्हणे. "या मुलाला मी आता एक ओळ लिहिणार नाही," त्यांनी सांगून टाकलं.

"तुमी नका लिवू," मावशी म्हणाली. "मी बोलते तसं उतरवा. एक अक्षर वाढवू नका."

तिसरं आलं ते साधं पोस्टकार्ड होतं.

'आप्पा, डाव्या डोळ्यानं आता कायच दिसत नाय. उजव्यानं तवा दिसतो, भाकर भाजली का नाय ते दिसत नाय. बोटानं चाचपते. बोटं पोळली. तुला यायला जमत नसंल तर नको येऊ. मीच येते. कुठं यायचं तेवढं सांग.'

वाचलं आणि माझ्या अंगावर काटा आला हो! सिंधूला हाक मारली, मोठ्यानं वाचून दाखवलं. तिनं पदरानं डोळे टिपले. "कोण हो ही बाई?" म्हणाली.

"बाई कसली? एक गुरुजी आहेत. काय लिहिलंय! मी मागे लागलो म्हणून हे निघालं हं त्यांच्यातून!"

नऊ मार्क दिले. दहापैकी दहा मी कुणालाच देत नसे. खाली लिहिलं, 'आता जमले! आपली निवड झाली आहे. रविवारी दुपारी चार वाजता पंचवटीत खालील पत्त्यावर यावे.' आणि मला विनोद सुचला. सुचला म्हणजे लिहायलाच हवा! 'मावशीला घेऊनच यावे!'

रविवारी मी साडेतीनलाच कुसुमताईंकडे हजर. सगळ्यांना पोस्टकार्ड वाचून दाखवलं. "बघा, म्हणत नव्हतो मी?" असं मी कुसुमताईंना ऐकवलंसुद्धा. "चुकलं माझं आप्पा," त्या म्हणाल्या. "नमुना हवाच."

एवढ्यात दारात रिक्षा थांबली. धोतर नेसलेले एक म्हातारे गृहस्थ उतरले. त्यांनी आत हात देऊन एका बाईला उतरवलं. काखेत बोचकं, नऊवारी लुगडं, पदर पार डोळ्यांवर ओढलेला, पायानं पायरी चाचपत ती आत आली. मी पुढं होऊन म्हणालो, "या गुरुजी, या! आणि ह्या कोण?"

माझा आवाज ऐकून ती जागीच थांबली. तोंड माझ्याकडे वळवलं, पण नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे गेली.

"आप्पा," ती म्हणाली, "पास झाले का रं मी?"

टिंगल नव्हती हो त्यात! तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

माझ्या हातातलं पोस्टकार्ड खाली पडलं. गुरुजींनी ते उचललं, नीट पुसलं आणि मला परत दिलं. भास्कर माझ्या कानाशी कुजबुजला, "आप्पा, हे ते नव्हेत. मी म्हणत होतो तो माझा मेहुणा. तो अजून लिहायला बसलेलाच नाही." मला ते ऐकू आलं आणि नाहीही आलं. कुसुमताईंनी मावशीला खुर्चीवर बसवून पाणी दिलं. मला कुणी चार शब्द सुनावले असते तरी बरं वाटलं असतं.

सोमवारी कारखान्यात रजा टाकली आणि मावशीला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बॅटरी मारून बराच वेळ बघितलं. मग खुर्ची मागे सरकवली.

"डावा गेला," ते म्हणाले. "मोतीबिंदू पिकला, आतला दाब वाढला. दोन-अडीच महिन्यांपूर्वी आणलं असतं तर दोन्ही वाचले असते. आता उजव्याचं ऑपरेशन उद्याच करतो. इतके दिवस काय करत होतात तुम्ही लोक?"

मार्क देत होतो, असं सांगायचं का? तुम्हीच सांगा!

"त्यांचा एक भाचा आहे नाशिकला," मी म्हणालो. "त्याला पत्रं लिहिली होती त्यांनी. तीन."

"मग?"

"तो आला नाही."

"नालायक माणूस! आणि तुम्ही कोण यांचे?"

तोंडात शब्द होता हो. मावशी माझ्या शेजारीच बसली होती. डोळ्यांत औषध घातलेलं, पापण्या मिटलेल्या, तोंडावर काहीच नाही. आणि मी, मोरझरीचा आप्पा, दुसऱ्यांचं दुःख खरं की खोटं ते तपासणारा, काय म्हणालो असेन?

"मी शेजारी."

आणि गंमत बघा, डॉक्टरांना ते लगेच पटलं! ना शंका, ना शेरा. उलट मऊ आवाजात म्हणाले, "बघा आजी, सख्खा भाचा फिरकला नाही, पण शेजारी धावून आला. नशीब चांगलं तुमचं."

मावशीनं हात पुढे केला. हवेत दोनदा चुकला, मग माझं मनगट सापडलं. तिच्या बोटांना अजून पोळल्याचे फोड होते. तिनं मनगट घट्ट धरलं.

"व्हय डाक्टर," ती म्हणाली. "लय चांगला शेजारी हाय."