न ऐकता पाठवलेली गोष्ट

निवृत्त झाल्यावर सुरुचीबाईंनी पूनम सागर वसाहतीतल्या सोसायटीच्या ऑफिसात रविवारचा वर्ग सुरू केला. दहा-बारा पोरं यायची. घरच्या म्हाताऱ्यांच्या गोष्टी फोनवर कशा रेकॉर्ड करायच्या, ते बाई शिकवायच्या. नियम एकच: ज्याची गोष्ट, त्याला विचारल्याशिवाय ग्रुपवर टाकायची नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! तो नियम मोडला बाईंनीच.

वर्गातल्या, जवळच्या मुर्धा गावच्या भाविकाने आजोबांचं, काशीनाथचं, रेकॉर्डिंग पाठवलं. मिठागरातल्या दिवसांचं. बाईंनी दोन मिनिटं ऐकलं आणि नळाला पाणी आलं. ते अर्धा तासच यायचं. रेकॉर्डिंग घाईत ग्रुपवर ढकलून बाई बादल्यांकडे धावल्या. ग्रुपवर पोरांच्या घरचेही होते.

पिंप भरल्यावर त्यांना भाविकाचा मेसेज दिसला. "मॅडम, आधी तुम्ही पूर्ण ऐका. पुढे कुणाला देऊ नका."

बाईंनी उरलेलं ऐकलं. काशीनाथ सांगत होता, की चाळीस वर्षांपूर्वी रागाच्या भरात भावाच्या मिठागराचा, खाडीचं पाणी अडवणारा दरवाजा त्यानेच उघडला. खाडी आत घुसली, सगळं मीठ गेलं. आळ आला शेजारच्या परशुरामवर आणि काशीनाथ गप्प बसला. तेव्हापासून गावातल्या एकाही हळदीचं आमंत्रण परशुरामच्या घरी गेलं नाही.

परशुरामचा नातू सूरज त्याच ग्रुपवर होता. बाईंनी डिलीट केलं, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

भाविकाचा फोन आला. ती रडत होती. "मॅडम, परशुरामबाबा तीन मुलांना घेऊन दारात आलेत. आजोबा आतून कडी लावून बसलेत."

बाई रिक्षाने मुर्ध्याला निघाल्या. म्हाताऱ्याने जिवाचं काही बरंवाईट केलं तर? पोरीला कुणी मारलं तर? आपण कुठल्या तोंडाने उभं राहायचं?

गल्ली माणसांनी भरली होती. बाई मध्ये घुसल्या. "चूक माझी आहे, बाबा. पोरीची नाही."

परशुरामने त्यांच्याकडे बघितलंही नाही. तो बंद दाराशी बोलत होता. "काशा, मारायला न्हाय आलो. माझी रुक्मिणी मीठ बुडवणाऱ्याची बायको म्हणून मेली. तिच्या फोटूपुढं येऊन सांग. फोनात न्हाय, तोंडानं."

बाईंनी भाविकाचा हात घट्ट धरला. मग कडी निघाली.

काशीनाथ उंबऱ्यात उभा होता. "चल," तो म्हणाला. "तिलाच आधी सांगायला पायजे होतं."