आ कर, बघू

माझी बालमैत्रीण सुजाता गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका पत्रकाचं प्रूफ तपासत होते. सर्वांना समान शिक्षण, सर्वांना समान आरोग्य. फोनवर तिची आई, कमलमावशी, एवढंच म्हणाली, "सुजी गेली गं..." हृदयाच्या ऑपरेशनसाठी ती दवाखान्यात दाखल होती, ऑपरेशनपर्यंत पोचलीच नाही. समोरच्या कागदावरच्या 'समान' या शब्दापुढं मला वाचवेना.

मुकुंदवाडीत आमची घरं एकाच गल्लीत. आमच्याकडं वडिलांच्या चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे असायचे, मी त्यांवरच अक्षरं शिकले. सुजाताला वडील नव्हते. मावशी वाळूजच्या एका कारखान्यात पॅकिंगला, पहाटेच कंपनीच्या बसनं निघायची. सुजाताचा घसा सारखा दुखायचा. मिठाच्या गुळण्या, हळदीचं दूध... ताप उतरायचा, मग गुडघे सुजायचे. वाढीचं वय आहे, असं सगळेच म्हणायचे. पुढं नर्सिंगला गेल्यावर हृदयाच्या झडपांचा धडा शिकताना त्यात तिला स्वतःचंच बालपण सापडलं. दुखरा घसा वेळेत दाखवला तर साध्या औषधानं जे टळतं, ते झडपांचं दुखणं तिच्या छातीत मुक्कामाला आलेलं होतं.

त्यानंतर तिनं वस्तीतल्या बुद्धविहारात रविवारची शिकवणी सुरू केली. तिची हजेरी घ्यायची पद्धत निराळी. नाव पुकारलं की पोरानं 'हजर' म्हणायचं नाही, पुढं येऊन 'आ' करायचा. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात घरून उकळून आणलेले चमचे, प्रत्येकाला वेगळा. घसा लाल दिसला की दुसऱ्या दिवशी त्या पोराला घेऊन ती स्वतः दवाखान्याच्या रांगेत. "जीभ निळी कशी रे?" एकदा तिनं विचारलं. "औषध घेतलं, ताई." "औषध गोळेवाल्याच्या गाडीवर मिळतंय व्हय?" सगळा विहार हसला. मग ती गणित शिकवायची. घसा आणि गणित वेगळे करायचेच नाहीत, असं ती म्हणे; आजारी पोर वर्गातून गळतं आणि न शिकलेल्या घराला आजार कळत नाही.

मी पेटले होते. एकाच शहरात एका पोराचा घसा दुखला की दारातून गाडी निघते, दुसऱ्याचा दुखला की आईचा खाडा पडतो! मला तिच्यावरच पत्रक काढायचं होतं. तिनं साफ नकार दिला. "तुझ्या पत्रकात सरकार आरोपी असंल गं. पण गल्ली वाचणार, आन् आरोपी माझी आई ठरणार. तिला यातलं काय ठाऊक नाय. कळूही द्यायचं नाय." मी भांडले, मग गप्प बसले. शेवटच्या भेटीतही, धाप लागलेली असताना, तिनं माझ्याकडून पुन्हा तेच वचन घेतलं.

सुजाताच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, माणसं पांगली. भांडी आवरता आवरता मावशी म्हणाली, "घशावरनंच झालं ना तिचं?" "तुला कसं कळलं?" मी विचारलं. मावशी रविवारी विहाराच्या पायरीवर तांदूळ निवडत बसायची. पोरांना घशाचं आणि हृदयाचं सांगणारा सुजाताचा आवाज बाहेर ऐकू यायचा... "ती मला सांगंना, मग म्या बी इचारलं नाय. तिला वाटायचं, आई मोडंल." हातातलं पातेलं पुसून तिनं फळीवर ठेवलं. मग म्हणाली, "तू लिहितीस ना? लिही. पण आईनं हयगय केली असं नको लिहू. आई कामावर होती, असं लिही."

लिहिलं, मावशी.

गेल्या रविवारी मी विहारात गेले. गणित आता मी शिकवायचं ठरलंय. पोरं आधीच रांगेत उभी होती, कुणी सांगितलं नव्हतं. मावशीनं पिशवीतून उकळलेले चमचे काढले, सुजाताचा टॉर्च लावला. उजेड पोराच्या गालावर, कपाळावर हलत राहिला. त्या पोरानंच तिचं मनगट धरून टॉर्च नीट तोंडासमोर आणला आणि 'आ' केला.