वकीलकाकांचा अर्ज

वकीलकाकांकडे शेवटपर्यंत बटणांचा फोन होता, आणि इंटरनेटचा एकही नवा कायदा त्यांनी वाचल्याशिवाय सोडला नाही. मुखेडच्या झेरॉक्सवाल्याकडून छापील प्रत आणायची, तांबड्या पेन्सिलीनं खुणा करायच्या आणि सापडेल त्याला ऐकवायचं. सापडायचो बहुतेक मीच, त्यांचा शेजारी.

सगळेच कायदे त्यांना वाईट वाटत असं नव्हे. नायगावच्या एका मुलीचा फोटो कुणीतरी बिघडवून पसरवला, तेव्हा काकांनीच तक्रार लिहून दिली आणि फोटो इंटरनेटवरून उतरवला गेला. "ह्यो कायदा बेस हाय," ते म्हणाले. "गुन्हा काय ते साफ लिवलंय. त्या दुसऱ्यात निसतं 'आक्षेपार्ह' लिवलंय. आक्षेप कुनाचा? सायबाचा? मंग सायबाचं डोकं दुखलं तरी तू आत." मी हसायचो.

आमच्या गावाच्या ग्रुपवर सरपंच, मास्तर, जाणती माणसं, सगळ्यांना मान म्हणून ॲडमिन करत, स्टेजवर खुर्ची द्यावी तसं. मीही खुशीनं ॲडमिन झालो. मग कुणीतरी नळाच्या गढूळ पाण्यावरून पुढाऱ्याला झोडपणारा मजकूर टाकला, आणि आम्हा सगळ्या ॲडमिनना त्याच 'आक्षेपार्ह'वाल्या कलमाखाली चौकशीची नोटीस आली. मजकूर मी वाचलाही नव्हता. शाळेतली नोकरी अजून कायम व्हायची होती. जेवण जाईना, अनोळखी नंबरचा फोन उचलणंच मी सोडून दिलं.

"मान पायजे होता तर शाल-नारळ घ्यायचा की रे," काका म्हणाले, पण लगेच कामाला लागले. त्या कलमाविरुद्ध हायकोर्टात जायचं त्यांनी ठरवलं. नोटीस मिळालेल्या एका तरी माणसाची सही हवी होती. बाकीच्यांनी आधीच हात वर केले होते. ते माझ्याकडे आले, कागद पुढे ठेवला, पेनाचं टोपण काढून दिलं.

मी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. "काका, नोकरी जाईल हो."

रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हळूच पेन परत घेतलं. "तू काय बी केलं न्हाईस, तरी इतका भिऊन राहिलास. कायदा वाईट हाय, याला आनखी काय पुरावा पायजे?"

त्या थंडीत काका गेले. नोटिशीचं पुढे काहीच झालं नाही, माझी नोकरी कायम झाली. तेराव्यानंतर काकूंनी मला तो अर्ज आणून दिला. "तुजं नाव हाय त्याच्यावर, म्हून ठिवला." सहीच्या रिकाम्या जागेखाली काकांनी माझं नाव आधीच टाइप करून घेतलं होतं. मला रडू आलं, लाज वाटली. मग तो कुणाच्या हाती लागला तर, या भीतीनं मी तो चुलीत घातला.