ओठ मिटा, दात सोडा

दातांच्या कॉलेजात बाकी सगळे पेशंटला "बोलू नका" म्हणतात. आमच्या ओरल मेडिसिनमध्ये मात्र "बोला" म्हणतात. चेहऱ्याचं दुखणं दरवेळी एक्स-रेत दिसत नाही, ते विचारून विचारूनच काढावं लागतं. आणि आपल्याकडच्या माणसाला एकदा "बोला" म्हटलं की दुखण्याबरोबर जावई, भावकी, शेताचा बांध, सगळंच बाहेर येतं! तीन वर्षांच्या पीजीत असे इतके किस्से जमले, की माझा थीसिस त्यांच्यापुढं बारीक वाटतो. अजूनही आम्ही जुनी मंडळी जेवायला भेटलो की ताटं सुकून जातात.

आमचे एचओडी आणि माझे गाइड म्हणजे भालेराव सर. पूर्ण टक्कल, कडक इस्त्रीचा अॅप्रन, गळ्यापर्यंत बटणं. मी त्यांना कधी हसताना पाहिलं नाही. त्यांच्यासमोर कुणी हसलंच, तर ते बोलणं थांबवायचे, हसणं संपू द्यायचे आणि मग विचारायचे, "झालं?"

त्या "झालं?"ला अख्खं डिपार्टमेंट टरकून असायचं.

*

माझ्या पहिल्याच आठवड्यात गंगापूरकडच्या एक आजी आल्या. गाल दुखत होता. मी पुस्तकात वाचल्याप्रमाणं विचारलं, "आजी, दुखण्याला दहापैकी किती मार्क द्याल?"

"म्या कशाला देऊ? मास्तरीण तू हायेस."

"तसं नाही आजी. अजिबात दुखत नसेल तर शून्य. सहनच होत नसेल तर दहा."

आजींनी बराच विचार केला. मग माझा हात धरून म्हणाल्या, "दहाच लिही बाई. आमच्या घरात कुणालाच पैकीच्या पैकी पडले नाईत. मला तरी पडू दे!"

मी खुदकन हसले. मागून आवाज आला, "झालं?"

*

थीसिसचा विषय सरांनीच दिला. काही माणसं दिवसभर नकळत दातावर दात दाबून बसतात. रागात, टेन्शनमध्ये, ट्रॅफिकमध्ये. मग गाल दुखतात, कानशिलं ठणकतात, जबडा कटकट वाजतो. आणि दाताचंच दुखणं समजून हे लोक चांगले दात काढून घेत गावभर फिरत राहतात! सरांचा उपाय चार शब्दांचा होता : ओठ मिटा, दात सोडा. ओठ बंद, पण आत दाताला दात टेकता कामा नये. करून बघा. बघा, टेकलेलेच होते ना?

पण दिवसभर आठवण कोण करून देणार? सर म्हणाले, "लाल गोल स्टिकर घरात ठिकठिकाणी चिकटवायचे. दिसला स्टिकर की जबडा सैल."

मी गुलमंडीचा अख्खा बाजार पालथा घातला. तसले स्टिकर मिळेनात. दुसऱ्या दिवशी सरांपुढं उभी राहून मी पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं. सरांनी एक टिकली बोटावर घेतली, उजेडात धरली, टेबलाला चिकटवली, ओढून काढली, परत चिकटवली.

"उत्तम," ते म्हणाले. थीसिसमध्ये लिहायला लावलं, 'सेल्फ-अॅडहेसिव्ह सर्क्युलर व्हिज्युअल क्यू, लाल.'

बाकीची डिपार्टमेंटं आम्हाला 'लेडीज जनरल स्टोअर्स' म्हणायला लागली. एका सीनियरनं तर मला बाजूला घेऊन सांगितलं, "हे घेऊन परीक्षेला बसू नकोस. बाहेरचा परीक्षक टिकलीसकट उडवील. सहा महिने परत घासत बसशील." त्या दिवसापासून मी परीक्षेचे दिवस मोजायला लागले.

*

खुलताबादचे रफीकचाचा आमचे पेशंट नंबर चार. किराणा दुकान, आणि गिऱ्हाइकांशी दिवसभर हुज्जत. त्यांनी काट्यावर, फोनवर, शटरवर टिकल्या लावल्या. महिनाभरात आराम पडला.

मग एक दिवस चाची तणतणत ओपीडीत आल्या. मागं चाचा, मान खाली. चाचींनी तळहात उघडला, त्यावर एक टिकली.

"पैंतीस साल हुए शादी को! अब इनके कुर्ते पे ये निकली! किसकी है, पूछो इनको!"

सर खुर्चीतून उठले, अॅप्रन सारखा केला आणि गंभीरपणे म्हणाले, "वो मेरी है."

चाचींनी सरांना टकलापासून बुटांपर्यंत न्याहाळलं. मग चाचांकडं वळून म्हणाल्या, "चलो घर!"

*

एसटीच्या कंडक्टरचं तर याहून अवघड झालं. पैठण रूटवरचे माने. जबडा इतका आवळायचे की जेवताना डोळ्यांत पाणी यायचं. माणूस लई प्रामाणिक, सांगितलं ते शंभर टक्के करणारा. लाल टिकली दिसली की जबडा सैल!

आता सांगा, एसटीत लाल टिकल्या किती?

बायका चढल्या की माने तिकीट द्यायला समोर जायचे, कपाळाकडं बघायचे आणि त्यांचं तोंड उघडंच पडायचं. ओठ मिटायचे हे ते साफ विसरले होते. तिसऱ्या दिवशी चितेगावला एका बाईनं गाडीतच विचारलं, "काय रं, काय बघायलास तोंड वासून?"

"ट्रीटमेंट चालू हाय, ताई," माने म्हणाले.

ताईंनी चप्पल काढली.

माने दुसऱ्या दिवशी गाल धरून आले. या वेळी दुखणं बाहेरून होतं. मी लाजेनं मेले. चूक आमची होती, मार त्यांना पडला. सरांनी लगेच लेटरहेड घेऊन स्वतःच्या हातानं लिहिलं, "सदर इसम उपचाराचा भाग म्हणून जबडा सैल सोडतो. कृपया त्यास मारू नये." सही, शिक्का, सगळं.

त्या दिवसापासून आम्ही टिकली हिरवी केली. आणि माने बरे झाले हो! पुढच्या तपासणीला त्यांनी माझ्यासमोर अख्खं कणीस दातांनी सोलून खाल्लं. मला त्या दिवशी इतका आनंद झाला की रडूच आलं.

*

या सगळ्यात माझाच जबडा कधी आवळायला लागला, ते मला कळलं नाही. सकाळी भाकरीचा घास चावताना कळ यायची. चाचींनी पकडलं. आता त्या चाचांसोबत दरवेळी येत. "डॉक्टरनी, तुम्हारे भी दाँत लगे हुए हैं," म्हणाल्या.

मग मी लॅपटॉपला, स्कुटीला, फ्रीजला हिरव्या टिकल्या लावल्या. गारखेड्याला आमच्या घरी आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "लग्नाच्या वयात पोरी कपाळाला लावतात, ही फ्रीजला लावायलीय!"

पण खरं सांगते, त्या ठिपक्याची इतकी सवय झाली की तो दिसला की जबडा आपोआप सुटायचा.

*

परीक्षेचा दिवस उजाडला. बाहेरून आलेले परीक्षक लांब चेहऱ्याचे, गालाचे स्नायू सतत हलते. त्यांनी माझा थीसिस दोन बोटांत उचलला.

"टिकल्या?"

"हो सर."

"तीन वर्षं तुम्ही टिकल्या वाटल्या. आणि याला शास्त्र म्हणायचं? बोला."

मला उत्तर पाठ होतं. माने, चाचा, सगळ्यांची मोजमापं पाठ होती. पण दातखीळ बसणं म्हणतात ना, ती खरोखर बसली. जबडा हलेचना. परीक्षा हॉलमध्ये टिकली कुठून असणार? पर्ससुद्धा बाहेर ठेवायला लावलेली. तोंडातून नुसता "अं" निघाला.

परीक्षकांनी घड्याळ बघितलं, पेनचं टोपण काढलं आणि ते मार्कांच्या कागदावर वाकले. परत घासायचे सहा महिने मला डोळ्यांसमोर दिसत होते.

मी त्यांच्या शेजारी बसलेल्या सरांकडं बघितलं. सरांनी अॅप्रनचं वरचं बटण उघडलं. आतल्या खिशातून टिकल्यांचं पाकीट काढलं, त्यातून एक हिरवी टिकली नखानं सोडवली आणि चष्मा सारखा करून आपल्या कपाळाच्या बरोबर मध्ये लावली. मग हाताची घडी घालून माझ्याकडं बघत बसले.

माझा जबडा सुटला. मी बोलायला लागले, ती सलग दहा मिनिटं बोलले. पहिल्या पेशंटपासून शेवटच्यापर्यंत, कुठं अडले नाही.

परीक्षकांनी हळूहळू पेन खाली ठेवलं. मग काहीतरी विचारायला ते सरांकडं वळले आणि त्यांच्या कपाळाकडं बघत तसेच राहिले.

सर त्यांच्या गालाकडं नीट निरखून बघत होते.

"तुमचेपण टेकलेत," सर म्हणाले. "सोडा."